हवेतले ठिपके

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या इस्पितळात व्हर्ना हाल्वर्सननं एकतीस वर्षं एकच काम केलं. पाठीच्या एक्स-रेवर प्रत्येक मणक्याच्या चार कोपऱ्यांना ठिपके द्यायचे. त्यांच्या अंतरावरून मणक्याची उंची निघते. हात असा, की दुसऱ्यांदा दिलेला ठिपका पहिल्यावरच बसायचा! पुढं मोजणारं यंत्र आलं, तेही तिच्याच एकोणीस हजार फिल्मांवर शिकलं.

"तुझा हात जसाच्या तसा उचललाय त्यानं. आता घरी बसून भट्टीत हॉटडिश भाज," यंत्र सांभाळणारा हार्लन चिडवायचा.

"माझी हॉटडिश खाल्ली नाहीस, म्हणून तोंड चालतंय तुझं."

त्या हिवाळ्यात व्हर्नाची पाठ धरली. रोजचा कॉफीचा डबा फळीवरून हाताला येईना. कुणी विचारलं तर तिकडच्या रिवाजानं ती म्हणायची, "याहून वाईट असू शकलं असतं." शेवटी एक्स-रे काढला. यंत्र म्हणालं, मणके पूर्ण उंचीचे. घाईतल्या डॉक्टरांनी आकडे वाचून तिला शेक घ्यायला सांगितलं.

ती तडक हार्लनकडं गेली. "माझी फिल्म लाव."

एक मणका पुढून चक्क खचला होता. त्याचा पुढचा वरचा ठिपका मात्र काळ्या पोकळीत, हाड नव्हतं तिथं, ताठ उभा होता. व्हर्नानं लगेच ओळखलं. हाताचं ते वळण तिचंच होतं. तिला काम शिकवणाऱ्या जुन्या बाईंनी सांगितलेलं, "कोपरा झिजला असेल तर जिथं असायला हवा तिथं ठिपका दे," आणि ती ढासळलेल्या मणक्यांनाही तसंच करत आली होती.

हार्लननं दुसरी फिल्म लावली, दुसऱ्याच रुग्णाची. तिसरी. दहावी. प्रत्येक वाकलेल्या पाठीत ठिपक्यांचं दुसरंच कुणी सरळ उभं होतं.

"फक्त तुझीच फिल्म दुरुस्त करू या," तो हळूच म्हणाला. "वर कळवलं तर तुझी एकतीस वर्षं बाद होतील, व्हर्ना."

"आणि ही माणसं शेकच घेत बसू देत?"

"मग काय करू?"

"फोन लाव वर. नाव माझं सांग."

तो बोलत असताना तिनं यंत्राला शिकवलेल्यांपैकी पहिली जुनी फिल्म उघडली. ठिपका खाली ओढून मोडक्या हाडावर ठेवला. यंत्रानं तो अलगद उचलून पुन्हा पोकळीत नेला, अगदी तिच्याच हातानं. तिनं परत खाली ओढला, आणि या वेळी बोट उचललं नाही.