एका अक्षराने अडलेले एक्स-रे

आज बाळकुमच्या एका हॉस्पिटलमध्ये गेलेले. तिथे जुन्या इमारतीत काढलेले एक्स-रे नव्या इमारतीतल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर उघडायला फार वेळ लागत होता. पेशंट ताटकळायचे आणि सिस्टर वैतागायच्या.

जुन्या इमारतीचं नेटवर्क आमच्या कंपनीकडे आहे, नव्या इमारतीचं दुसऱ्या कंपनीकडे. तिथला इंजिनिअर प्रशांत आणि मी आठवडाभर फोनवर नुसते भांडत होतो. "आमच्याकडे सगळं ओके आहे," दोघांचंही हेच.

शेवटी मीच म्हटलं, "प्रशांत, तू इकडेच ये ना. समोरासमोर बघू."

आला बिचारा. दोघं लॅपटॉप उघडून शेजारी बसलो. इमारतींमध्ये दोन केबल आहेत, पण दोन्हीकडचे स्विच, म्हणजे या केबल जिथे जोडतात ती नेटवर्कची यंत्रं, एकमेकांना एका गटातले मानत नव्हते. म्हणून एक केबल बंद आणि सगळा भार दुसरीवर. पण गटाचं नाव तर दोघांनी तेच टाकलेलं!

"अगं थांब," प्रशांत म्हणाला, "तुझं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, माझं स्मॉल."

स्विचसाठी ती दोन वेगळी नावं. फोनवर हे कळणार कसं?

बदलताना नेटवर्क क्षणभर तुटणार, म्हणून एक्स-रे विभागाला विचारून त्याने अक्षर बदललं. दोन्ही केबल चालू झाल्या. थोड्या वेळाने सिस्टरांचा फोन आला, "अगं, लगेच उघडतायत आता!"

निघताना प्रशांत म्हणाला, "कल्याणच्या साइटवरही असंच काहीतरी अडकलंय. येशील?"

मी लगेच हो म्हटलं.

तुमच्या कामातही असं कोणी आहे का, ज्याच्याशी तुम्ही आजवर फक्त फोनवरच भांडलाय?