पयते म्हणून!

राजनांदगावला बस चुकली, म्हणून मी लाखनीला जाणाऱ्या एका जुनाट ट्रकमध्ये चढलो. चढ आला की ड्रायव्हर स्टिअरिंग थोपटायचा, "चाल माय."

हद्द ओलांडण्याआधीच एका उतारावर छत्तीसगडच्या पोलिसांनी अडवलं. आता हा हातापाया पडणार, असं मला वाटलं. पण गुन्हा वेगाचा आहे हे कळताच त्याचा चेहरा खुलला. "साफ अक्षर में लिखना, साब," म्हणत त्यानं हसत दंड भरला.

लाखनीच्या चहाटपरीवर कुणीतरी ओरडलं, "आली का रे तुही बैलगाडी?"

ड्रायव्हरनं दंडाचं चलान झेंड्यासारखं उंच धरलं. "दुसऱ्या राज्याच्या सरकारनं लिहून देल्लं, माही गाडी पयते म्हणून!"

चलान टपरीभर हातोहात फिरलं.

पोलिसांनी अडवलं तिथं उतार होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.