खाली कुठला देश

विमानातले दिवे मंद झाले, तरी माझ्या शेजारचे काका टक्क जागे होते. पलीकडे बसलेल्या लेकीबरोबर ते पहिल्यांदाच परदेशी निघाले होते. आम्ही तिघं मधल्या रांगेत, खिडकीपासून लांब.

"खाली आता कुठला देश असेल गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"बाबा, झोपा ना आता. किती प्रश्न विचारता," ती डोक्यावर पांघरूण ओढत म्हणाली.

मला तिचा हेवा वाटला. तिच्या त्या वैतागाचाच. वडील शेजारी आहेत, उद्याही असणार आहेत, अशी खात्री असली की माणूस इतकं निर्धास्त चिडू शकतो. माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली. आता मी कितीही लांब गेले तरी मला असं काही विचारणारं कुणी नाही.

मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावला आणि हळूच म्हटलं, "काका, खाली समुद्र आहे."

त्यांचा चेहरा खुलला. आता ते आणखी काहीतरी विचारतील म्हणून मी तयारीत बसले. पण ते लगेच पलीकडे वळले आणि झोपलेल्या लेकीचा खांदा हलवत म्हणाले, "ऐकलंस का, खाली समुद्र आहे."