खालची दुलई

दादाने झोळी मागवली तेव्हा वहिनी आधी हसली आणि मग चिडली. "घरात दिवाण आहे, खाट आहे, अन् हे महाराज झाडाले लटकून झोपणार म्हणते," ती मला फोनवर म्हणाली. मीही हसले. मी तेव्हा नालवाडीत एकटीच राहू लागले होते. मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता, आणि दादाचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. लहानपणी तो मला खांद्यावर घेऊन फिरायचा, पण लग्नानंतर आमचं बोलणं राखी आणि दिवाळीपुरतंच उरलं होतं.

दादा वीज खात्यात लाइनमन होता. उभी नोकरी खांबांवर गेली आणि त्यात पाठीचे मणके गेले. डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला बंदी केली होती. पण रिटायर झाल्यावर त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आष्टीकडच्या टेकड्यांमध्ये लाइन बिघडली की तो भल्या पहाटे तिकडे जायचा. खांबावर चढला की खाली सागवानाचं जंगल, त्यावर धुकं, आणि मोर ओरडत असायचे. "पण फ्यूज बसला की उतराच लागे," तो सांगायचा. "खाली जीप उभी राहे. मले एकडाव तिथं नुसतं पडून राहाचं आहे. काही काम नाई, कोणी खाली वाट पाहून राह्यलं नाई."

तंबूत जमिनीवर झोपणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून झोळी. परदेशात लोक त्याला हॅमॉक म्हणतात आणि जंगलात त्यातच झोपतात, हे त्याला मोबाइलवर कळलं होतं. मला म्हणाला, "तू येतं का? तुह्या वहिनीले काही हे जमत नाई." मी हो म्हटलं. मग माझ्यासाठीही एक झोळी आली.

पहिल्यांदा आम्ही अल्लीपूरला गेलो, माझ्या सासरच्यांच्या शेतात. बांधावर कडुलिंबाची झाडं होती. दादाने दोर असे बांधले की ते हत्तीलाही सोसले असते. आम्ही कापसाच्या जाड रजया अंगावर घेतल्या. पौषाची थंडी होती. पहाटेपर्यंत माझी पाठ दगडासारखी गार पडली. वरून ऊब होती, पण खालून वारा सरळ अंगात शिरत होता.

"दादा, मले खालून लय गार लागून राह्यलं," मी म्हटलं.

"मलेही. रजई वरून आहे, खालून कोण आहे?"

आम्ही उठलो, काटक्या पेटवल्या आणि शेकत बसलो. तिथे त्याने मला समजावून सांगितलं. अंगाखाली कितीही जाड पांघरूण घेतलं तरी वजनाने ते चपटं होतं, आणि चपट्या कापसात ऊब राहत नाही. पांघरूण झोळीच्या बाहेर, खाली लटकलं पाहिजे. म्हणजे ते दबत नाही, फुगलेलं राहतं.

तशा दुलया विकत मिळतात, पण त्यांच्या किमती पाहून आम्ही मोबाइल बाजूला ठेवला. घरच्या घरीच करायचं ठरलं. मी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं, त्यामुळे मशीन माझ्याकडे होतं. पहिली दुलई जुन्या रजईची केली. ती इतकी जड होती की मधोमध पोटासारखी लोंबली, आणि दव पडल्यावर आणखी जड झाली. मग फोमचा तुकडा लावून पाहिला. कूस बदलली की तो निघून जायचा. शेवटी वर्ध्याच्या बाजारात फायबरच्या हलक्या दुलया मिळाल्या. पलंगावर घालतात त्याच, स्वस्तातल्या. मी त्यांच्या लांब कडांना नेफा शिवला, आणि दादाने त्यात दोरी ओवली. दोन्ही टोकांना छत्रीच्या कापडाची पट्टी लावली, म्हणजे दोरी ओढली की तोंड बंद व्हावं आणि वारा आत शिरू नये. लटकवायला इलॅस्टिक घेतलं, कारण माणूस हलला की दुलईनेही त्याच्याबरोबर हललं पाहिजे.

वाटतं तितकं हे सोपं नव्हतं. दोरी सैल राहिली तर पाठीखाली पोकळी राही आणि थंडी तिथे येऊन बसे. ताणली तर फायबर दबून जाई. झोळीत तिरपं झोपलं की पाठीला बरं वाटतं, पण मग पाय दुलईच्या बाहेर. दादाच्या अंगणात, आंब्याच्या आणि पेरूच्या झाडाला झोळी बांधून, आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळी त्यात घालवल्या. एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने खालून झोळीचं कापड आणि दुलई यांच्यामध्ये हात घालून पाहायचं. हात सहज जावा, पण वर पोकळी लागू नये.

"आता?" तो झोळीतून विचारायचा.

"डावीकडं सैल आहे."

"वढ मग. हळू वढजो."

वहिनी ओट्यावर बसून मेथी निवडत आमच्याकडे पाहायची. "किती दिवस चालते हे?" ती म्हणायची. "जा ना एकडावचे अन् या."

तिचं बरोबर होतं, हे आता कळतं. आष्टीकडे वहिनीच्या मामांचं संत्र्याचं शेत होतं. बांधावर मोहाची दोन मोठी झाडं, आणि पलीकडे दादाचं जंगल. मामा येजो येजो म्हणत होते. जाऊन एक पहाट गारठलो असतो तरी काय बिघडलं असतं? पण दादाला सगळं नीट झालेलं हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या संध्याकाळी हव्या होत्या. एक हिवाळा टोकांच्या पट्टीत गेला. दुसरा इलॅस्टिकमध्ये. ते उन्हाळ्यात सैल पडायचं. तिसऱ्या हिवाळ्यात दुलई अशी बसली की अंगणात पहाटे दादाला झोळीतच घाम आला. "जमलं वं!" तो आतूनच ओरडला. शेजारी जागे झाले.

संक्रांत झाली की जायचं ठरलं. मध्ये वहिनीच्या भाचीचं लग्न आलं, म्हणून पंधरवडा पुढे ढकललं. लग्नाहून परतल्यावर एका सकाळी दादाच्या हातातून चहाचा कप पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलाच राहिला. उजवी बाजू गेली होती. लकवा.

दवाखाना, मालिश, व्यायाम. वर्ष त्यातच गेलं. तो काठीने चार पावलं टाकू लागला, बोलू लागला, पण शब्द उशिरा यायचे. झोळीत चढणं-उतरणं आता त्याला शक्य नव्हतं. दुलया मी घडी करून माझ्या कपाटात ठेवल्या होत्या. कपाट उघडलं की त्या समोर यायच्या, म्हणून मी माझे कपडे दुसरीकडे हलवले.

पुढच्या हिवाळ्यात त्यानेच विषय काढला. "आष्टी... जाऊ," तो म्हणाला. "तू झोप. मी... पाहतो."

आम्ही तिघं भाड्याच्या गाडीने निघालो. मुक्काम करायचा नव्हता, दिवसभर थांबून परत यायचं होतं. मामांच्या शेतात संत्री लागली होती. मोहाच्या झाडांपाशी दादाला खुर्चीत बसवलं. गाठी मी बांधल्या, तो सांगत होता. एक गाठ त्याला पटली नाही. त्याने डाव्या हाताने खूण करून ती मला सोडायला लावली आणि पुन्हा बांधून घेतली. मग मी झोळीत पडले. पलीकडे जंगल होतं. दुपार होती, धुकं वगैरे काही नव्हतं, मोरही ओरडत नव्हते. दादाने खुर्ची जवळ ओढायला सांगितली. वहिनीने ती ओढली. त्याने दुलईमध्ये डावा हात घातला आणि माझ्या पाठीखाली बराच वेळ चाचपून पाहिलं.

"बरोबर... आहे," तो म्हणाला.

मी वर पाहत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.

जेवण झाल्यावर मी वहिनीला सहज म्हटलं, "तुम्ही पडा ना थोड्या." ती आधी नाही म्हणाली. साडी अडकेल, पडेन, लोक काय म्हणतील. मग चप्पल काढून हळूच बसली आणि पाय वर घेतले. मी पांघरायला आणलेली दुसरी दुलई तिच्या अंगावर घातली. पहिल्यांदा घाबरून तिने दोन्ही कडा धरल्या होत्या. थोड्या वेळात हात सुटले. ती झोपली.

ती अशी झोपलेली मी वर्षभरात पाहिली नव्हती. रात्री दादाची कूस बदलायला उठायचं, पहाटे औषध, दिवसा मालिशवाला. तोंड थोडं उघडं होतं, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आम्ही दोघं बोलायचं थांबलो. मामा संत्री घेऊन आले, त्यांना मी हातानेच गप्प केलं. ऊन जंगलाकडे सरकलं. गाडीवाला दोनदा घड्याळ दाखवून गेला.

दादा बराच वेळ तिच्याकडे पाहत होता. मग शब्द जुळवत म्हणाला, "हिले... काऊन नाई विचारलं आपण... कधी?"

त्याने विचारलं नव्हतं, आणि मीही नव्हतं. तिला जमणार नाही असं त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं आणि मी ते मान्य केलं. तीन हिवाळे ती ओट्यावर बसून आमच्याकडे पाहत होती. मी त्याच्या मांडीवरची शाल नीट केली.

अंधार पडू लागल्यावर तिला उठवावंच लागलं. ती दचकून उठली, पदर सावरला. "एवढा वखत झाला, अन् मले उठवलं काऊन नाई?" म्हणून आम्हा दोघांवर रागावली. "यांची गोळी राह्यली ना." आणि पिशवीत गोळी शोधायला लागली.