वरच्या ओळीतली हेर्बोर्ग

आमच्या गावात महत्त्वाचे कोणतेही बोलणे घरात होत नाही. ते पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात होते, गळ्यापर्यंत पाण्यात बसून. कुणाचे लग्न मोडले, कुणी बोट विकायला काढली, नवा पाद्री कुणाला पसंत पडला नाही, सगळे तिथेच कळते. त्यामुळे इंग्वीने हेर्बोर्गला जे सांगायचे ते जानेवारीतल्या एका सकाळी चारचौघांत, कुंडातच सांगितले, यात त्याचा दुष्टपणा नव्हता. बर्फ पडत होते आणि वाफेमुळे एकमेकांचे चेहरे धड दिसत नव्हते. अवघड गोष्ट बोलायला अशी हवा बरी.

"हेर्बोर्ग, या वर्षी तू खाली मेंढवाड्यात थांब. सगळ्यांसाठी गरम सूप करायचं तेवढं तू बघ."

आमच्या मेंढ्या उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या असतात. सप्टेंबरात सगळे गाव ओळ धरून डोंगर उतरते आणि त्यांना पुढे घालून खाली आणते. कोण कुठे चालणार हे एकच माणूस ठरवतो. त्याला डोंगरराजा म्हणतात, आणि तो शब्द कुणी थट्टेने उच्चारत नाही. सध्याचा डोंगरराजा इंग्वी. हेर्बोर्गची जागा ओळीच्या सगळ्यात वरच्या टोकाला, कड्याखाली. आधी तिथे तिचे वडील चालायचे, त्यांच्यानंतर ती.

मागच्या सप्टेंबरात कड्याखालच्या घळीपाशी वर चढताना तिला धाप लागली आणि ती एका दगडावर बसली. फार वेळ नाही बसली. पण ओळीत पडलेली फट मेंढ्यांना लगेच समजते. कोकरांसकट एक कळप त्या फटीतून पुन्हा वर गेला आणि दुसऱ्या दिवशी गारांच्या पावसात दोघांना परत डोंगर चढावा लागला. हेर्बोर्गला कुणी काही बोलले नाही. तेच तिला जास्त लागले.

मेंढवाड्यात सूप करणे हे मानाचेच काम आहे, असे सगळे म्हणतात. ते करायला मात्र ज्यांचे पाय थकले त्यांनाच बसवतात. शिवाय हेर्बोर्ग निवृत्त होईपर्यंत गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. इंग्वीसुद्धा तिच्या हातचे जेवून वाढला. वर्षभर डाव धरणाऱ्या या बाईच्या हातात सप्टेंबरात मात्र काठी असायची. ती काठी जाऊन पुन्हा डाव येणार होता.

"मी सूप करू?" ती म्हणाली. "अरे, मी रोज पोहायला येते, इंग्वी!"

सगळे कुंड हसले. तिची शेजारीण ओड्नी, जी पूर्वी गावात टपाल वाटायची, ती म्हणाली, "अगं, पोहायला? पाण्यात असतेस खरी. उकडायला घातलेला बटाटासुद्धा पाण्यातच असतो."

"आणि तू कोण मोठी पोहणारी लागून गेलीस?"

"मी कुठे म्हणते, मला कड्याखाली पाठवा?"

शाळेत आम्ही सगळे पोहायला शिकलो, त्याशिवाय शाळा पूर्णच होत नाही. त्यानंतर गाव जे कुंडात शिरले ते तिथेच बसले. रोज सकाळी साबण लावून स्वच्छ व्हायचे, बोचऱ्या वाऱ्यातून तलावाच्या कडेने पळत जायचे आणि कुंडात उतरायचे. घरी आल्यावर "पोहून आलो" म्हणायचे. यात कुणाला खोटे वाटत नाही. हेर्बोर्गलाही त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती कुंडाकडे न वळता सरळ तलावात उतरली.

तिथल्या पाण्याला कुंडाची ऊब नसते. ती मान वर ताठ ठेवून, बेडकासारखे पाय मारत पलीकडच्या टोकाला पोहोचली आणि दांडीला लोंबकळत राहिली. कुंडातून सील प्राण्यांसारखी डोकी एका ओळीत तिच्याकडे वळली होती.

"पोहोचलीस का गं?" ओड्नी ओरडली. "की टपालाने पाठवू तुला परत?"

हेर्बोर्गने नुसता हात हलवला, बोलायला दमच नव्हता.

गावात व्यायामशाळा नाही. सगळ्यात जवळची दोन खिंडी ओलांडून आहे आणि हिवाळ्यात त्या खिंडी उघड्या असतील तर लोक त्यातून वाणसामान आणायला जातात. तेव्हा जे काही करायचे ते तलावात आणि घरी. तलावावर पहारा करणारा आस्गेइर आठवडाभर काचेआडून तिला पाहत होता. शेवटी बाहेर आला.

"तू श्वास कोंडून धरतेस," तो म्हणाला. "तोंड पाण्यात घाल आणि सगळा सोडून दे. मगच नवीन आत जाईल ना?"

"तोंड पाण्यात घातलं तर यांचं बोलणं कसं ऐकू येणार?"

"तोही एक फायदाच."

तिने तोंड पाण्यात घातले. मार्चमध्ये तिला दांडीला लोंबकळावे लागत नव्हते आणि ईस्टरपर्यंत ती टोकाशी न थांबता वळू लागली. कुंडातल्या थट्टेचा सूर हळूहळू बदलला. आधी ती दमली की लोक हसायचे, आता ती कुंडात यायला उशीर करते म्हणून कुरकुरायचे. गावातल्या निम्म्या बातम्या तिच्याकडे असायच्या.

घरी तिच्याकडे स्वयंपाकघरातली खुर्ची होती, ओटा होता, जिना होता आणि बटाट्यांचे पोते होते. संध्याकाळी रेडिओवर देशभरातल्या निधनवार्ता वाचतात. त्या सुरू झाल्या की ती खुर्चीत बसायची आणि हात न टेकता उठायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. वार्ता संपेपर्यंत थांबायचे नाही, हा तिचा नियम. मग ओट्याला हात टेकून, अंग तिरके ठेवून, छाती ओट्याशी नेऊन परत यायची. फ्लूच्या साथीत वार्ता लांबल्या, तसा व्यायामही लांबला. एकदा तिच्या चुलतभावाचे नाव आले तेव्हा ती अर्धी उठलेली होती. पूर्ण उठली, बसली, थोडा वेळ बसूनच राहिली, मग पुन्हा उठायला लागली.

जूनमध्ये बर्फ गेल्यावर ती चर्चमागची टेकडी चढली. न थांबता चढली. वर उभी राहून तिने आजूबाजूला पाहिलेही, कुणी बघते आहे का म्हणून. मग उतरायला वळली आणि गुडघे लटपटले. कुंपणाची तार धरून, खेकड्यासारखी आडवी होत ती खाली आली.

चूक तिच्या लक्षात आली. सगळी तयारी तिने चढण्याची केली होती. दम तिथे लागला होता म्हणून. पण मेंढ्या खाली आणायच्या असतात. दिवसभराची उतरण असते, ती ओल्या गवतावरून आणि सुट्या दगडांवरून. पाण्यात तर उतरण नसतेच.

त्या दिवसापासून ती जिन्यावरून बटाट्यांचे पोते खांद्यावर घेऊन सावकाश खाली यायची, प्रत्येक पायरीवर अंगाचा भार एका पायावर तोलून धरत. ओड्नीने खिडकीतून पाहिले.

"हेर्बोर्ग, बटाटे वर ठेवायचेत की खाली, एकदा ठरव बाई! ते पण दमले असतील."

"ये की, तूही घे एक पोतं."

"माझे बटाटे जिथे आहेत तिथे सुखी आहेत."

ऑगस्टच्या शेवटी इंग्वी कुंडात आला. जागांची वाटणी याच दिवसांत होते. हेर्बोर्ग तलावातून बाहेर आली, कुंडाच्या काठावर बसली आणि पाय आत सोडून म्हणाली, "सुपाला माणूस मिळालं का?"

"तुझ्यासाठी जागा ठेवलीय."

"मग उपाशी राहाल."

कुणी हसले नाही. इंग्वीने तोंडावरून पाणी फिरवले. "हे बघ, तू पोहतेस ते मी जानेवारीपासून बघतोय. पण घळीपाशी तू पुन्हा बसलीस तर माणसांना आणखी एक दिवस डोंगरात काढावा लागेल. मागच्या वर्षी त्यातल्या एकाचा घोटा मोडता मोडता राहिला. मला उत्तर द्यावं लागतं."

"माहीत आहे."

"नुसतं बसणार नाही म्हणून चालायचं नाही."

"मी कुठे म्हटलं बसणार नाही? फट पडू देणार नाही म्हणतेय."

इंग्वी पाण्यातून वर सरकून तिच्याशेजारी काठावर बसला. मग म्हणाला, "वायरलेस हातात ठेवायचा. दम लागला तर सांगायचं. लपवायचं नाही."

"लपवू कुठे? सगळं गाव ऐकत असतं त्यावर."

सप्टेंबरात ओळ निघाली तेव्हा डोंगरावर धुके होते. मी ओळीत बराच खाली होतो. हेर्बोर्ग दिसत नव्हती, फक्त तिची आरोळी अधूनमधून वरून येत होती, आणि ती येते आहे तोवर ओळ शाबूत आहे हे सगळ्यांना कळत होते. दुपारी घळीजवळ आरोळी थांबली. आम्ही सगळे थांबून ऐकू लागलो.

नंतर कळले ते असे. दोन कोकरांची एक म्हातारी मेंढी घळीच्या तोंडाशी वळली आणि सरळ कड्याकडे निघाली, मागून बाकीच्या. हेर्बोर्गला त्यांच्या वर जायला हवे होते. ओरडली असती तर त्या आणखी वर पळाल्या असत्या. तेव्हा ती गुपचूप चढली, तोंडाने सगळा श्वास सोडत, आणि त्यांच्या डोक्यावर पोहोचून हात पसरून उभी राहिली. मेंढीने तिच्याकडे पाहिले. मग खाली वळली. तिच्यामागून हेर्बोर्ग सुट्या दगडांवरून उतरली, प्रत्येक पावलाला भार तोलत, जिना उतरावा तशी.

वायरलेस खरखरला. इंग्वीचा आवाज होता. "हेर्बोर्ग? आवाज नाही तुझा. बसलीस का?"

मग ती बोलली, धाप लागलेली, पण वाक्य पूर्ण करण्याइतका दम असलेली.

"आत्ता बसले. त्याच दगडावर. तुझ्या मेंढ्या धुक्यातून खाली येताहेत, आधी त्या बघ. मी कॉफीचा एक घोट घेते आणि निघते."

आणि त्या आल्या. म्हातारी मेंढी पुढे, चेहऱ्यावर अपमान झाल्यासारखा भाव.

संध्याकाळी मेंढवाड्यात सगळ्यांच्या स्वेटरांना ओल्या लोकरीचा वास येत होता. या वर्षी सूप ओड्नीने केले होते. हेर्बोर्ग काठी कुंपणाला टेकवून वाडगा घेऊन उभी राहिली. एक चमचा घेतला, दुसरा घेतला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली. "आणि सलगम कच्चे आहेत."

"ऐकलंस, इंग्वी?" ओड्नी डाव आपटत म्हणाली. "जन्मात पुन्हा करणार नाही मी!"

"बरं, मग पुढच्या वर्षी..." इंग्वी हेर्बोर्गकडे वळून म्हणू लागला. तिने वाडग्यातून मान वर केली.

त्याने वाक्य तिथेच सोडले आणि आपला वाडगा ओड्नीपुढे केला.