दाजी आणि उरलेला भात

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवरानवरीकडे ढुंकूनही न बघता आधी खरकट्याच्या पिंपाकडे धावणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि नेमका तोच आमच्या ताईला मिळाला! आमचे दाजी डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवतात, आणि तेही वाया गेलेल्या अन्नावर. चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी खिशातून ताणकाटा काढून टाकलेला मसालेभात चक्क तोलला आणि फेटा बांधलेल्या माझ्या काकांना सगळ्यांदेखत विचारलं, "यात अजून किती माणसं जेवली असती, सांगा बघू?" मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. शाळेतही तेच. पोरं डब्यात उरलेल्या पोळ्यांवर अपूर्णांक शिकतात, घरच्या शिळ्या भाजीचा शेकडा काढतात. एक आई तणतणत आली, "सर, कार्टं सासूबाईंसमोर माझी टक्केवारी वाचतंय!" दाजींनी शांतपणे विचारलं, "उत्तर बरोबर आलंय ना?"

घरी ताई कुणी आलं-गेलं तर म्हणून मूठभर तांदूळ जास्त टाकायची. तो भात रोज उरायचा. "माणसं दोन आणि तांदूळ तिघांचा? कोण येतं गं एवढं?" म्हणत दाजींनी ती मूठ बंद केली.

नेमकी तेव्हाच माझी केमिकल कंपनीतली नोकरी गेलेली. जवळच दिवा स्टेशनपाशी खोली घेऊन राहत होतो, कुणाला काही बोललो नव्हतो. पोटात कावळे ओरडायला लागले तसा एका संध्याकाळी ताईकडे गेलो. "काही नाही गं, सहज आलेलो." बघतो तर कुकर घासून पालथा! ताईचा चेहरा उतरला. "अगं, जेवून आलोय मी," म्हणत मी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. दाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग उठले, आणि ज्या माणसाला घरातला लायटर कुठे असतो ठाऊक नव्हतं, त्यानं स्वतः तांदूळ धुवायला घेतले. मी हादरलोच. पण खरा धक्का पुढे होता. "चुकलं माझं गणित," दाजी म्हणाले. अहो, पुस्तकातली छापील उत्तरं चुकीची ठरवणारा माणूस हा! "माणसंच कमी धरली मी." बाकी एका शब्दानं काही विचारलं नाही. भात कच्चा राहिलेला, पण मी डोळे पुसत शीत न् शीत संपवलं. नोकरी लागेपर्यंत मग रोज तिथेच जेवलो.

आता ठाण्यात कामाला आहे, जाणं होत नाही. परवा ताई फोनवर म्हणाली, "ती मूठ अजून पडते रे. रोज भात उरतो आणि सकाळी हे गुपचूप फोडणी देऊन खातात. मी म्हटलं, 'तो हल्ली येत नाही, कशाला वाया घालवायचं?' तर माझ्यावरच डाफरले, 'त्यानं काय आता कळवून यायचं का?'"

या रविवारी जातोय, न कळवता.