प्रश्न म्हणजे हुकूम नव्हे

पीएच.डी.च्या मुलांना प्रबंध लिहायला मदत करणं हे विद्यापीठातलं माझं काम. मार्गदर्शकाने समासात काहीही लिहिलं की ही मुलं तेवढा मजकूर उडवून मोकळी होतात. बाबावाक्यं प्रमाणम्! शेऱ्यात नेमकं काय म्हटलंय, हे बघण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ती याला आदर म्हणतात. मी भित्रेपणा म्हणते, आणि तोंडावर म्हणते.

गेल्या वर्षी हैदराबादच्या कुकटपल्लीची एक मुलगी आली. घर मराठी, बोलणं निम्मं हैदराबादी. तिथल्या छोट्या कारखान्यांतल्या बायका सुपरवायझरची बढती का नाकारतात, हा तिचा विषय. पुस्तकं म्हणत होती, बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते. हिने त्यांच्याबरोबर शेअर ऑटोतून महिनोन्‌महिने ये-जा केली आणि वेगळंच ऐकलं. सुपरवायझरला कुलूप लागेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर घरी जायला ऑटो मिळत नाही. अख्ख्या प्रबंधात तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी शेजारी लिहिलं, 'हे कशावरून?' आणि बाईसाहेबांनी सगळं प्रकरणच काढून टाकलं.

मी भडकले. "अगं, त्यांनी विचारलंय. काढायला कुठे सांगितलंय?"

"हौ मॅडम, पण आवडलं नसेल म्हणूनच विचारले ना? सर नाराज झाले तर सही कोण करणार? नक्को ते झंझट."

तिची भीती खोटी नव्हती. सही नाही तर पदवी नाही. पण जिच्यात आपलं काहीच नाही, ती पदवी काय चाटायची? मी तिला तिथेच बसवलं. प्रकरण परत घातलं आणि प्रत्येक शेऱ्याला उत्तर लिहायला लावलं. पटलं तर काय बदललं, नाही पटलं तर का.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. "तुम्ही माझ्या विद्यार्थिनीला उलट बोलायला शिकवताय?"

"प्रश्न तुम्हीच विचारलात, सर. तिने उत्तर दिलं. वाचलंत का?"

"बघतो," म्हणून त्यांनी फोन आपटला. माझ्याविरुद्ध तक्रारही वर गेली. गेली तर गेली, मी शिकवणं थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. सरांनी प्रकरण राहू दिलं होतं, पण त्यावर नवे तीन शेरे होते. ही आता रडणार, असं वाटून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"दोन बरोबर हैत मॅडम, बदलते. तिसरा मला पटत नाही. तसं सरांना सांगूनच आले."